आणि जेवायला काय?

दोन प्रांतांतली माणसं लग्न करतात तेव्हा नातेवाइकांना घोर लागतो तो सणांचा. संक्रांत करणार की पोंगल, गौरी कुणाच्या रीतीनं बसणार, दिवाळीला चकली आमची की मुरुक्कू तुमचं. हा घोर अनाठायी आहे. सणाच्या जेवणावरून कुणाचं घर मोडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पुरणपोळीला कुणी नाही म्हणत नाही, पायसमलाही म्हणत नाही, आणि दोन्ही एका ताटात आली तर जेवणानंतर भांडायला माणूस जागा राहत नाही.

भांडण असतं ते मंगळवारी संध्याकाळी साडेसातला. कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात, आत तूरडाळ मऊ शिजलेली असते. इथवर दोन्ही घराण्यांचं एकमत. झाकण निघालं की प्रश्न उभा राहतो: आता हिचं काय करायचं?

मी सोलापूरची, नवरा सेलमचा, संसार पुण्यात. लग्न ठरलं तेव्हा माझ्या काकांनी दोन गावांतलं साम्य शोधून काढलं होतं. दोन्हीकडे कापड विणतात, दोन्हीकडे ऊन रग्गड आणि दोन्ही नावं ‘स’पासून सुरू होतात. ‘आणखी काय पाहिजे?’ असं ते बैठकीत म्हणाले आणि सुपारी फुटली. काकांनी डाळीचा विचार केला नव्हता. मीही केला नव्हता. सोलापूरची असल्यामुळे मी स्वतःला फार उदार समजत होते. आमच्या गल्लीत एका घरी कन्नड होळगी व्हायची, दुसऱ्या घरी तेलुगू पद्मशाली काकूंचं पुलुसू उकळायचं, आणि आम्ही पोरं वाटी घेऊन सगळीकडे फिरायचो. पण दुसऱ्याच्या घरची वाटी चाटणं वेगळं आणि आपल्या कुकरमधली डाळ दुसऱ्याच्या हवाली करणं वेगळं.

आमच्याकडे आमटी म्हणजे आधी फोडणी. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग, हळद, कढीपत्ता, आणि त्या कढत तेलावर घोटलेली डाळ चर्रकन ओतायची. मग काळा मसाला, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे अम्मांच्या, शास्त्रात आधी चिंचेचं पाणी उकळतं. त्याचा कच्चा वास गेला की भाज्या, सांबार पूड, मग डाळ, आणि फोडणी सगळ्यात शेवटी, वरून. त्या फोडणीत मोहरीच्या जोडीला मेथ्या, उडीदडाळ आणि सुकी लाल मिरची. जिन्नस मांडून बघितले तर बहुतेक तेच. क्रम तेवढा उलटा. माणसं पक्ष बदलतात, धर्म बदलतात, फोडणीची वेळ बदलत नाहीत.

अम्मा पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आल्या त्या संध्याकाळी ओट्याशी माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी डाळ फोडणीवर ओतली. त्या दचकल्या.

“फोडणी आधीच केलंस, मा? मग शेवटी काय करणार?”

“शेवटी जेवणार, अम्मा.”

त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे मला अजून कळत नाही. मग मी गूळ टाकला. गूळ बघून त्या एकच शब्द बोलल्या: “उडुपी.” तमिळ घरात सांबारात गूळ घालणाऱ्याला कर्नाटकात धाडतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सोलापूरहून कर्नाटक हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे शिक्षा म्हणून ती फार जाचक नव्हती.

तेव्हापासून आमच्या ओट्यावर दोन डबे आहेत. एक माझा मिसळणाचा डबा: मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंगाची डबी, धणेपूड. दुसरी अम्मांची अंजरैपेट्टी: मोहरी, उडीदडाळ, हरभराडाळ, मेथ्या, मिरे. दोन्हींत मोहरी आहे, पण एकीतली संपली म्हणून दुसरीतली घ्यायची नाही, असा अलिखित नियम आहे. कपाटावर दोन पुस्तकंही शेजारी शेजारी उभी आहेत. एक कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’, १९७०ची, माझ्या आईनं पाठवलेली. दुसरं एस. मीनाक्षी अम्माळ यांचं ‘समैत्तु पार’, ते १९५१चं, अम्मांनी लग्नात दिलेलं. दोन्ही बायकांनी लिहिली ती सासर-माहेर लांब पडलेल्या नव्या मुलींना हाताशी मापं असावीत म्हणून. दोघी इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत आणि एकदाही कुरबूर नाही. त्याचं कारण सोपं आहे. मंगळवारी साडेसातला पुस्तक कुणी उघडत नाही.

डाळीपेक्षाही मोठा प्रश्न वेगळाच निघाला: जेवण कशाला म्हणायचं?

आई सोलापूरहून पहिल्यांदा राहायला आली तेव्हा अम्मांनी मुद्दाम रात्री इडल्या केल्या. मऊ, पांढऱ्या, वाफाळत्या. बरोबर सांबार, खोबऱ्याची चटणी आणि तिळाच्या तेलात कालवलेली मिळगापोडी. आईनं एकामागून एक सहा खाल्ल्या. तोंड भरून कौतुक केलं. ‘विहीणबाई, हाताला काय चव आहे हो!’ वगैरे सगळं रीतसर झालं. हात धुतले, पदराला पुसले, परत येऊन ताटासमोर बसली आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “आणि जेवायला काय?”

हे अम्मांनी ऐकलं. त्यांना मराठी बोलताना अडतं, ऐकताना अडत नाही.

आईचं काही चुकलं नव्हतं. मराठी डोक्यात पदार्थांचं वेळापत्रक पक्कं असतं. पोहे, उपमा, इडली, डोसा हे सगळे दिवसाउजेडी यायचे पाहुणे. सकाळी या, फार तर चारला चहाबरोबर या. रात्री ताटात पोळी किंवा भाकरी पाहिजे आणि शेवटी भात पाहिजे, नाहीतर माणूस जेवलाच नाही, नुसता खाऊन उठला. तमिळ घरात रात्री टिफिन चालतं. दुपारी भात रग्गड झालेला असतो, मग रात्री इडली, डोसा, अडै, कधी उपमा. त्यात कुणाला उपाशी ठेवल्यासारखं वाटत नाही. आईला वाटलं. ती रात्री दोनदा उठून पाणी प्यायली आणि सकाळी फोनवर मावशीला म्हणाली, “माणसं चांगली आहेत गं, पण रात्रीचं देत नाहीत.”

फिट्टंफाट झाली ती तिसऱ्या दिवशी. आईनं आपल्या हातानं पिठलं, ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा असा बेत केला. तव्यावरची भाकरी फुगलेली बघून अम्मांनी टाळी वाजवली. दोन भाकऱ्या खाल्ल्या. चटणी तीनदा मागून घेतली. मग ताट तसंच समोर ठेवून बसून राहिल्या. आईनं विचारलं, “आणखी एक वाढू?” अम्मा म्हणाल्या, “नको, मामी, पोट भरलं.” पण उठेनात. बराच वेळ गेला. शेवटी नवऱ्यानं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, “ती रसमभाताची वाट बघते आहे.”

दोघी विहिणींची त्या आठवड्यात मैत्री झाली. दोघींनी एकमेकींना उपाशी ठेवलं होतं.

तमिळ जेवणात भाताचे तीन अंक असतात: आधी सांबारभात, मग रसमभात, शेवटी दहीभात. आमच्यातही तसंच आहे. आधी तूप-लिंबाचा वरणभात, मधे पोळीभाजी, मग आमटीभात, शेवटी ताकभात. पण मराठी माणूस मधल्या पोळीला प्रमुख पात्र मानतो आणि भाताला येण्याजाण्याचं दार. तमिळ माणसाला पोळी हे मध्यंतर वाटतं. तांदळावरूनही कटकट आहे. मला इंद्रायणीचा मऊ, चिकट, वासाचा भात आवडतो. अम्मा तो डावानं हलवून बघतात आणि विचारतात, “हे भात आहे की पोंगल?” त्यांचा पोन्नी तांदूळ मोकळा, सुटसुटीत. त्यावर रसम ओतलं की खालपर्यंत उतरतं. इंद्रायणीवर ओतलं तर वर तळं साचतं. रसमपुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे, हे मी इथे लिहिते, घरी बोलत नाही.

दह्याचं प्रकरण मात्र दीर्घकाळ न्यायप्रविष्ट होतं. रात्री दही खाऊ नये, कफ होतो, हे आमच्याकडे दुधाच्या दातांबरोबर शिकवतात. वाग्भटापासून आजीपर्यंत सगळे एका बाजूला. नवऱ्याच्या बाजूला फक्त अख्खा तमिळनाडू. त्याला रात्री दहीभात मिळाला नाही तर जेवण संपल्याचं त्याच्या शरीराला समजतच नाही. तो स्वयंपाकघरात फेऱ्या मारतो, फ्रिज उघडतो, बंद करतो. आईनं हे बघितलं आणि तोडगा काढला. दह्यात थोडं पाणी घालून रवी फिरवायची. झालं ताक. ताकाला रात्री बंदी नाही. आता आमच्याकडे रोज रात्री जे ताक होतं ते इतकं घट्ट असतं की चमचा उभा राहतो. पण कागदोपत्री ते ताक आहे, त्यामुळे वाग्भटही खूश आणि सेलमही.

उपासानं तर दोन्ही बाजूंची श्रद्धाच पणाला लागली. एका एकादशीला मी सकाळी साबुदाणा भिजवला आणि संध्याकाळी दाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची, जिरं घालून खिचडी केली. अम्मांनीही एकादशी धरली होती. त्यांनी रव्याचा उपमा केला, मोहरीची फोडणी घालून. भात नाही खाल्ला म्हणजे उपास झाला, असं त्यांचं साधं गणित. मी उपमा बघून मनात म्हटलं, मोडला हिचा उपास. त्यांनी माझी खिचडी बघितली, वाटीत बटाट्याच्या फोडी मोजल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत नेमकं तेच वाक्य दिसलं. आमच्या मते गहू खाल्ला की सगळं पुण्य वाया. त्यांच्या मते पोटाला तडस लागेपर्यंत तेलकट खाल्लं की उपास कसला.

गंमत पुढेच आहे. अम्मांनी साबुदाण्याच्या रिकाम्या पिशवीवरचा पत्ता वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. पत्ता सेलमचा होता. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा साबुदाणा थांबला, तेव्हा १९४३च्या सुमारास सेलमच्या लोकांनी कसाव्याच्या कंदापासून तो बनवायला घेतला. पुढे तिथे कारखाने इतके वाढले की १९८१ साली त्यांची सहकारी संस्था निघाली. पंढरीची वारी असो की अंगारकी, महाराष्ट्राचा उपास मोठ्या प्रमाणात सेलमच्या भरवशावर चालतो. आणि सेलममध्ये त्याचं काय करतात? पायसम करतात, उन्हात वाळवून पापड्या करतात. तो खाऊन उपास करतात ही कल्पनाच तिकडे कुणाच्या मनाला शिवलेली नाही. अम्मांनी भावाला फोन लावला. तमिळमध्ये बरंच बोलणं झालं. नवऱ्यानं मला सारांश सांगितला: “मामा म्हणतो, हे लोक आपला साबुदाणा देवासाठी खातात, मग भाव वाढवायला हरकत नाही.”

तसा त्या ताटातला कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची यांपैकी एकही जिन्नस मुळात ना महाराष्ट्राचा ना तमिळनाडूचा. चारही अमेरिका खंडातून आले, पोर्तुगीजांच्या काळात. रुक्मिणीनं विठोबासाठी कोणत्या फराळाचं ताट मांडलं असेल, याचा विचार मी एकदा सुरू केला आणि खिचडी गार व्हायला लागली म्हणून सोडून दिला.

वाचकांना वाटेल की हे सगळं प्रांत बदलल्यामुळे होतं. तसं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर शंभर टक्के मराठी लग्न आहे. तो नागपूरचा, ती रत्नागिरीची. पत्रिका जुळल्या, भाषा एक, त्यामुळे कुणी काळजीच केली नाही. आता त्या घरात रोज संध्याकाळी दोन पातेली चढतात. तिच्या पातेल्यात गोडं वरण: हळद, हिंग, गूळ, वर साजूक तुपाची धार. त्याच्या मते हे बिमाराचं जेवण आहे. त्याच्या पातेल्यात लसणाची फोडणी आणि वर बोटभर लाल तर्री. तिच्या मते ही डाळ नाही, ही धमकी आहे. दोघंही एकाच भाषेत बोलत असल्यामुळे एकमेकांचं सगळं समजतं, आणि तीच अडचण आहे. आमच्याकडे अम्मा चिडल्या की तमिळमध्ये चिडतात, मी पुढची भाजी चिरते.

तिसऱ्या मजल्यावर मालवणची मुलगी आणि कोलकात्याचा मुलगा. दोघंही मासे खातात, म्हणजे प्रश्नच मिटला, असं दोन्हीकडच्यांना वाटलं होतं. मासे खाणाऱ्यांबद्दल शाकाहाऱ्यांचे असे भाबडे समज असतात. तो वाढला रुई-कटल्यावर, नदीच्या आणि तळ्याच्या माशावर, मोहरीच्या तेलात तळलेल्या. ती वाढली बांगड्यावर, ओलं खोबरं आणि तिरफळं घातलेल्या तिखल्यावर. तिला नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो. त्याला समुद्राचा मासा म्हणजे नुसतं मीठ वाटतं. शिवाय तो माशाच्या रश्शात बटाटा घालतो, आणि मालवणात हे कुणाला कळलं तर सोयरसुतक तुटेल. त्या घरात फक्त हिल्सावर एकमत आहे. हिल्सा राहतो समुद्रात आणि अंडी घालायला चढतो नदीत, म्हणून दोन्ही पक्ष त्याला आपला मानतात. पण त्याचा भाव बघता तो सणाचा मासा झाला, आणि सणाचं काय ते मी आधीच सांगितलं. रोज संध्याकाळी ते दोघं अंडी खातात.

या सगळ्या घरांतला समान धागा म्हणजे पोळ्यांच्या मावशी. इमारतीतल्या कितीतरी ओट्यांवर त्यांचा रोज हात फिरतो. पंजाब्यांकडे राजमा, गुजरात्यांकडे गोड कढी, आमच्याकडे सांबार. हे सगळं त्या कुठलंही पुस्तक न वाचता शिकल्या. मात्र त्यांच्या हातून सगळं किंचित एकमेकांत मिसळतं. त्यांच्या राजम्याला गोडा मसाल्याचा वास असतो. त्यांचं सांबार म्हणजे शेवग्याच्या शेंगा घातलेली आमटी. मोहरीच्या तेलाला त्या ‘अंगाला लावायचं तेल’ म्हणतात आणि बंगाली घरात नाक मुरडून, पण नेमकं तापवून, वापरतात. बातम्याही त्याच आणतात. “तिसऱ्या मजल्यावर आज दोघं बोलत नाहीत, ताई. भाजीत खसखस वाटून घातली त्यांनी, आणि त्या म्हणतात, एवढी महाग खसखस भाजीत?” एकदा अम्मांनी त्यांना सांबाराचा क्रम समजावून सांगितला. चिंच आधी, डाळ मग, फोडणी शेवटी. मावशींनी पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आजी, खालच्या ताई आधी चटका देतात, तुम्ही नंतर देता. डाळीला काय, कधीतरी बसायचाच.”

काका मधून मधून येतात. ते आले की डाळीचा इतिहास होतो. सांबार हा मराठ्यांचा पदार्थ आहे, असं त्यांचं ठाम मत. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं, तिथे एकदा आमटीला आमसुलं नव्हती, आचाऱ्यानं चिंच घातली, संभाजीराजे पाहुणे होते, म्हणून नाव पडलं सांबार. ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पुरावा कुणी दाखवत नाही. अम्मांचं माहेर तंजावरकडचं. त्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा ताटातला घास ताटातच राहिला.

“तुमचं राजा येण्याआधी आम्ही काय खात होतो?” त्यांनी विचारलं.

काकांकडे उत्तर नव्हतं. “रसम?” ते चाचरत म्हणाले.

मग नवऱ्यानं तह घडवला. तंजावरच्या सरस्वती महालात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातलं पाकशास्त्राचं मराठी हस्तलिखित आहे, ‘शरभेंद्र पाकशास्त्र’, असं त्यानं सांगितलं. काकांची छाती फुगली. तमिळ मुलखात, मराठी भाषेत, खाण्याचा ग्रंथ! अम्मांनाही बरं वाटलं, कारण ग्रंथ शेवटी तंजावरात होता. १८५५ला ते राज्य संपलं, पण मराठी बोलणारी घराणी तिथे अजून आहेत आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत हा आमचा मंगळवारचा प्रश्न कैक पिढ्या चाललेला असणार. त्यांनी तो कसा सोडवला, ते मला फार वाटतं जाऊन विचारावं.

माझा संशय असा आहे की त्यांनीही तो शिळ्यावर सोडवला असेल. आमच्याकडे जे काही खरोखर एक झालं ते कुणी ठरवून केलं नाही. दमलेलं असताना झालं. ऑफिसातून आठला घरी आलं, फ्रिजमध्ये कालचं सांबार घट्ट होऊन बसलंय, डब्यात ज्वारीचं पीठ आहे, मग ते सांबार पिठात कालवून थालीपीठ लावलं. अम्मांनी त्यावर लोण्याऐवजी तिळाचं तेल सोडलं. इडलीचं पीठ तिसऱ्या दिवशी आंबूस झालं की त्यात कांदा-मिरची घालून जे होतं त्याला मी धिरडं म्हणते, त्या उत्तप्पम. शिळ्या पोळ्यांची फोडणीची पोळी केली तेव्हा अम्मांनी नाक मुरडलं होतं. शिळं, आणि तेही कुस्करून! पण नवरा वास घेत आला आणि ओरडला, “हे तर कोत्तु परोटा!” तिकडे रात्री गाड्यांवर दोन पत्र्यांनी खणखण आवाज करत परोटे तव्यावरच तोडतात आणि मसाल्यात परततात, तीच जात. त्याला सेलमचं बसस्थानक आठवलं, मला सोलापूरची आजी. अम्मांनी एक घास घेतला आणि पत्र्याचा आवाज नाही, एवढीच तक्रार नोंदवली.

मिळगापोडी आणि ज्वारीची कडक भाकरी हे लग्न मात्र मी स्वतः लावलं. पोडीवर तिळाचं तेल, त्यात भाकरीचा तुकडा. हे वाक्य मी अहंकारानं लिहिते आहे: दोन्ही राज्यांच्या सरकारांनी याची दखल घ्यायला हवी. उलट बाजूनं शेंगदाण्याची चटणी डोशाच्या आत गेली. आई दर महिन्याला चटणीचा डबा पाठवते तो तिच्या समजुतीप्रमाणे जावयाच्या भाकरीसाठी. तो डोशाला लागतो, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

या सगळ्यातून लेक वाढली. तिला कुठलं कुणाचं हे ठाऊकच नाही. शाळेत असताना ती मैत्रिणीकडे जेवायला गेली आणि तिथल्या काकूंना म्हणाली, “तुम्ही आमटी झाल्यावर वरून फोडणी द्यायला विसरलात.” दुसऱ्या एका घरी तिनं वरणभातानंतर ताट तसंच ठेवलं आणि रसमची वाट बघत बसली. ती रात्री इडली खाते आणि लगेच विचारते, “आणि जेवायला काय?” ती खरंच दोन्ही जेवते, हा भाग वेगळा. कॉलेजात गेल्यापासून तिनं स्वतःची भर घातली आहे. ती मॅगीत सांबार पूड घालते, वर शेंगदाण्याचं कूट आणि शेझवान चटणी. हे पहिल्यांदा झालं तेव्हा आई आलेली होती. ती वाटी मधे ठेवून दोघी आज्या दोन बाजूंनी उभ्या राहिल्या, आणि इतक्या वर्षांत प्रथमच दोघींचं पूर्ण एकमत झालं. अम्मा तमिळमध्ये बोलल्या, आई सोलापुरीत, पण वाक्य एकच होतं. लेकीनं वाटी उचलली आणि गॅलरीत जाऊन संपवली.

परवा रात्री अम्मा कॉफी पीत होत्या. आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. लेक डाळीकडे बघत म्हणाली, “आसाममध्ये गं, डाळीत काय घालतात?”

“कशाला?” मी विचारलं.

“सहज.”

अम्मांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. लेकीच्या वर्गात गुवाहाटीचा एक मुलगा आहे आणि तो हल्ली प्रोजेक्टसाठी फार फोन करतो, हे एव्हाना मावशींनाही माहीत आहे. नवऱ्यानं फोनवर शोधलं. “खार म्हणून काहीतरी घालतात,” तो वाचू लागला. “केळीच्या वाळलेल्या सालींची राख. ती पाण्यात भिजवून गाळतात आणि ते पाणी डाळीत.”

“राख?” अम्मा म्हणाल्या.

“राख?” फोनमधून आई म्हणाली.

“पाणी, आजी. राखेचं पाणी,” लेक म्हणाली, जणू ती जन्मापासून तेच पीत आली होती.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आईचा चेहरा फोनच्या पडद्याला अगदी चिकटला, नुसतं कपाळ आणि एक डोळा दिसायला लागला, आणि ती म्हणाली, “ते राहू दे. आंबटाला काय घालतात ते विचार आधी. आणि फोडणी कधी देतात?”